सिरीजचा बोर्ड

वडगावात, यरमाळ रोडच्या वळणाला,
भरमाण्णा हंगिरगेकरांच्या वाइंडिंगच्या दुकानात
भिंतीला एक लाकडी फळी होती.
फळीवर एक होल्डर, लोंबत्या दोन वायरी
आणि दोनशे वॅटचा एक बल्ब,
केवढा तरी, पपनसासारखा.

दहावीला मी विज्ञानात चार मार्कांनी गेले.
प्रश्न होता : शंभरचा आणि चाळीसचा दिवा
एकसर जोडले, तर जास्त कोण उजळेल?
मी लिहिलं, शंभरचा.
ज्याच्या नावावर जास्त, त्याचंच जास्त;
घरात तरी तसंच बघितलेलं.
शेजारच्या वर्गात, कन्नडात, त्याला सरणी म्हणत.
दोन्हीकडं सर तोच, ओवलेला.
तिथंही निम्मी पोरं शंभरवरच गेली.

भरमाण्णांनी समजावलं वगैरे नाही.
दोन होल्डर घेतले, एकामागं एक लावले,
खटका दाबला.
चाळीस पेटला.
शंभरची तार नुसती तांबूस,
निपाणीच्या विडीचं टोक विझताना असतं तशी.
"बघ गे," म्हणाले, "वाट दोघांची एकच.
जो अडवून धरतोय, भार त्याच्यावर."
मग शंभर पिळून काढला,
आणि चाळीसही गेला.
"ह्याला वाटूलतं, आपण एकटाच जळतोय."

तेव्हापास्नं मी उजेड उलटा वाचायला शिकले.
मागाची मोटर बोर्डाला लावायची.
बल्ब मंद राहिला तर बरं,
कॉईल आपला वाटा उचलतेय.
काळाच राहिला, तर तार कुठंतरी तुटलीय.
आणि बल्ब लख्ख पेटला,
तांब्याच्या तारेची रिळं, मागच्या सालचं कॅलेंडर,
भरमाण्णांचा न उघडलेला डबा, सगळं दिसायला लागलं,
की आत जळून एकजीव झालंय.
गिऱ्हाइकाला मात्र वाटायचं, लागली!

शिवलिंगव्वा एकदा सांजेला आली,
मोटर पोत्यात बांधून, डोक्यावर.
मागावर साडी अर्धी सोडून आलेली,
काठ झालेला, पदर राहिलेला.
"सुट्टैतेन?" जळलीय का, तिनं विचारलं.
मी टोकं लावली. बल्ब लख्ख.
"हत्तितु!" म्हणाली, पेटलं,
आणि तोंडभर हसली, त्याच उजेडात.
वाईट बातमी सांगण्याइतकं कन्नड
तेव्हा मला येत नव्हतं.
मी खटका बंद केला.
अंधारात तिला आपोआप कळलं.

आता भरमाण्णा नाहीत. फळी आहे.
गेल्या मार्चात बल्बला कुणाचा तरी कोपर लागला.
बाजारात मागितला तर एलईडी पुढं करतात.
तोही लावून बघितला मी.
थेंबभर मिळालं तरी लुकलुकतो,
दुखतंय की नाही, धड सांगत नाही.
दुसऱ्याचं ओझं अंगावर घ्यायला
आत तार तरी पाहिजे की.

शेवटी हुक्केरीकडनं दस्तगीर नदाफानं पाठवला,
बसच्या ड्रायव्हरजवळ, भुशाच्या खोक्यातनं.
पोल्ट्री आहे त्याची. पिलांना ऊब द्यायला
जुने बल्ब अजून जपून ठेवतो.
चिठ्ठीत लिहिलेलं :
वॅटचा आकडा पुसलाय, खरं चालतोय.

रात्रीच बसवला.
टेबलावर पुजारींच्या मागाची मोटर उघडीच होती,
तिची टोकं लावली.
बल्ब तांबूस झाला, आणि तिथंच थांबला.
बरी आहे.

काचेला पिलाचं एक पिवळं पीस चिकटलेलं,
पुसायचं राहून गेलं होतं.
मी वही काढून पुजारींचं नाव लिहीत होते,
तेव्हा करपल्याचा बारीक वास आला.